फाइल तिकडे, शिक्का इकडे, मधे सुवर्णा

संपादकांनी फोन करून सांगितलं, ‘‘तुमच्या कामाचे अनुभव लिहा. फक्त वाचक दिवाळीचा आहे, फराळ करता करता वाचतो, तेवढं ध्यानात ठेवा.’’ ठेवलं. तरी विषय गर्भपाताचाच आहे. ज्यांना चकली संपवून घ्यायची असेल त्यांनी आधी ती संपवून घ्यावी.

असे लेख सहसा निवृत्त माणसं लिहितात. बँकेतून, पोस्टातून, शाळेतून सन्मानानं बाहेर पडलेली. मी तिशीतली आहे आणि माझ्या कामातून निवृत्त होता येत नाही, कारण कुणी नेमलेलंच नाही. हैदराबादेतल्या एका लहानशा स्त्री-संघटनेची मी पूर्णवेळ कार्यकर्ती. पूर्णवेळ म्हणजे काम पूर्ण वेळ, मानधन अधूनमधून. आमचं कार्यालय अफझलगंजात, सुक्या मिरचीच्या वखारीच्या वरच्या खोलीत. खाली पोती उघडली की आमची बैठक शिंकायला लागते. स्त्रीमुक्तीच्या अनेक ठरावांवर तिथे डोळ्यांतून पाणी काढून सह्या झाल्या आहेत. बाहेरून आलेले पाहुणे उगाच भारावून जातात.

आता धंदा समजावून सांगते. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टरनं सांगणं गुन्हा आहे. त्यामुळे एकही डॉक्टर सांगत नाही. तशी पाटीच असते भिंतीवर, आणि ज्या दवाखान्यात ती सगळ्यात मोठी असते तिथे आम्ही सगळ्यात आधी जातो. जायचं म्हणजे खरोखर गरोदर असलेली एखादी धीट बाई राजी करायची आणि मी तिची नणंद व्हायचं. मला भाऊ नाही, पण माझ्याइतक्या वहिन्या या शहरात कुणाला नसतील. नणंदेचं काम सोपं. तोंड वाकडं करून ‘‘पहिल्या दोन पोरीच आहेत हो’’ एवढं म्हणायचं. लगेच बाकावर जागा होते, पंखा आपल्याकडे वळतो.

कुकटपल्लीला एक डॉक्टर होते. तपासणी झाल्यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. बाहेर बसा म्हणायचे. मग कंपाउंडर चहा आणायचा. चहाबरोबर उस्मानिया बिस्किट आलं की मुलगा, नुसता चहा आला की मुलगी. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, सरकारी खात्याला तेवढं माहीत नव्हतं. आम्ही धाड घडवून आणली. आमच्या वहिनीला नुसता चहा आला, शेजारच्या बाईला दोन बिस्किटं आली आणि तिची सासू तिथेच पदर डोळ्याला लावून आनंदानं रडायला लागली. याहून मोठा पुरावा काय हवा? पण पंचनाम्यात लिहायचं काय? बिस्किट न देणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा? निरीक्षकांनी बराच विचार करून बिस्किटांची बरणी जप्त केली. पुढे तारखेला बरणी कोर्टात आली ती रिकामी. उंदीर, असं लिहून आलं होतं. बरणीला झाकण होतं आणि ते घट्ट बसत होतं, असं मी उठून म्हणाले तर आमच्याच वकिलांनी मला हात धरून खाली बसवलं. डॉक्टर सुटले. आता ते सगळ्यांना फक्त पाणी देतात, असं ऐकते.

त्या धाडीचा परिणाम झाला मात्र. बिस्किटवाले कुणी घाबरले नाहीत. घाबरले ते सरळमार्गी डॉक्टर. त्यांनी गरोदर बाई दारात दिसली की सोनोग्राफीच्या यंत्रावर चादर टाकायला सुरुवात केली.

याच सुमाराला आमच्या राज्याचे दोन तुकडे झाले. इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, मी सरकारी कार्यालयाच्या बोळातला सांगते. सोनोग्राफीच्या आणि जनुक-तपासणीच्या केंद्रांची नोंदणी जिथे होते ते कार्यालय एकच होतं, एका लांबलचक बोळातलं. विभाजनानंतर बोळाच्या मध्यावर लोखंडी कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली. कपाटांच्या डावीकडे एक राज्य, उजवीकडे दुसरं. खुर्च्या वाटल्या, पंखे वाटले. माणसं वाटायची राहिली होती. कोण कुठल्या राज्यात जाणार याची यादी दिल्लीहून येणार होती आणि ती येईपर्यंत जो तो कपाटाच्या ज्या बाजूला डबा खात असे त्या बाजूचा मानला जाई. नोंदणीवर निर्णय देणारी समितीही दुभंगली. डावीकडच्यांना वाटे आपले अधिकार उजवीकडे गेले, उजवीकडच्यांना वाटे ते अजून यायचेत. आम्ही तक्रार घेऊन गेलो की दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे मोठ्या आदरानं बोट दाखवत. माझ्या आयुष्यात मी एवढा आंतरराज्य सलोखा पाहिला नाही.

अशा दिवसांत आम्ही पत्रक काढलं. तेलुगू मजकूर एका वकीलबाईंनी लिहिला, उर्दू रेहानानं, मराठी मी. रेहाना माझी सहकारी आणि मैत्रीण. तिची हाडं जन्मापासून ठिसूळ आहेत. लहानपणी इतक्या वेळा मोडली की पाय वाकडेच वाढले. उंची सात-आठ वर्षांच्या मुलीएवढी, कुबड्यांवर चालते, आणि आवाज असा की खालच्या वखारीतले हमाल थबकतात. आमच्या पथनाट्यात गर्भाची भूमिका तीच करते. अंगावर लाल कापड घेऊन मधोमध गुडघ्यात डोकं घालून बसते आणि आतून ओरडते, ‘‘अम्मी, मेरेकू आने दो.’’ बायका हमखास रडतात.

मराठी पत्रक अंबरपेठेतल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून वाटायचं ठरलं. मी लिहिलं होतं, मुलगा की मुलगी हे बघायला गर्भाचं लिंग तपासू नका. आमच्या अध्यक्ष सरलाताई, निवृत्त प्राध्यापिका, यांनी चष्मा वर केला.

‘‘अगं प्रज्ञा, हळदीकुंकवात हा शब्द?’’

‘‘ताई, कायद्यात आहे.’’

‘‘कायद्याला हळदीकुंकवाला जायचं नसतं. मला जायचंय.’’

पेन्सिलीनं तो शब्द गेला, त्याच्याबरोबर मुलगा-मुलगीही गेले. उरलं ते असं: ‘गर्भाची तपासणी? नको बाई नको.’ खाली यंत्राचं चित्र आणि त्यावर लाल फुली. घोषणा म्हणून झकास. सगळ्यांनी एका सुरात म्हणून पाहिली, सगळ्यांच्या तोंडात बसली, आणि तोंडात बसलेल्या घोषणेचा अर्थ पुन्हा तपासायची आमच्या व्यवसायात पद्धत नाही.

माझ्या घरी हळदीकुंकू होत नाही, आम्ही बाबासाहेबांची माणसं. त्यामुळे मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले आणि तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात पत्रक ठेवलं. आणखी एक गोष्ट आमच्या शहाण्या डोक्यांत आली नव्हती. हैदराबादेतल्या मराठी घरात मराठी वाचता येतं ते सासूला. तिची शाळा नांदेडला नाहीतर परभणीला झालेली. सून इथे जन्मलेली, इंग्रजी शाळेतली. मराठी बोलते फर्ड्या वेगानं, तेलुगू आणि दखनी कालवून, पण वाचायला दिलं की अक्षरं जुळवत बसते. म्हणजे सुनांसाठी लिहिलेलं पत्रक सासवांनी वाचलं आणि सुनांना आपापल्या परीनं समजावून सांगितलं.

फाल्गुनात एक फोन आला. ‘‘ते नको बाई नको वाल्या तुम्हीच का?’’

मी अभिमानानं हो म्हणाले.

‘‘मग या आणि माझ्या आत्याला सांगा की हो बाई हो.’’

ती सुवर्णा. अंबरपेठेतच राहणारी, एका औषध कंपनीच्या दुकानात हिशेब बघणारी. तिची आत्या म्हणजे तिची सासू. या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही अजूनही घरातली गोष्ट मानतात. मुलगी लांब जात नाही, जमीन लांब जात नाही, सासू मारत नाही कारण ती आपल्या बापाची बहीण असते. आत्यानं आपल्या विनायकसाठी भावाची पोर मागून आणली होती. त्यांचा पहिला मुलगा सोहम, पाच वर्षांचा. त्याला थॅलेसेमिया. म्हणजे त्याच्या अंगात टिकाऊ रक्तच तयार होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाटली चढवावी लागते. चढवली की पोरगा गच्चीत पतंगामागे धावतो, मग दिवसागणिक मंदावतो आणि शेवटी सोफ्यावर पडून दूरदर्शन बघतो. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा अर्धा लपलेला असला, दोघं धडधाकट असले, तरी प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता असते की बाळाला तो पूर्ण मिळेल.

सुवर्णा पुन्हा गरोदर होती, अडीच महिने होत आले होते. गर्भाच्या वारेचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासता येतो, बाळाला हा आजार आहे की नाही हे कळतं. कायद्याची याला परवानगी आहे. मुलगा की मुलगी, ते कुणी बघायचं नाही, सांगायचं नाही. पण हे वेळेत व्हावं लागतं, कारण पुढे नको म्हणायचं तर त्यालाही कायद्यानं मुदत आहे. सुवर्णाला तपासणी हवी होती. आणि आत्यानं आमचं पत्रक देवघराच्या दाराला चिकटवलं होतं.

मी गेले. आत्या दारातच म्हणाल्या, ‘‘ये बाई. तूच दिलंतंस ना गं, माझ्या हातात, तिळगुळासंगं?’’

‘‘हो काकू. पण ते मुलगा-मुलगी बघण्याबद्दल होतं.’’

‘‘कुठं लिहिलंय?’’

मी देवघराकडे बघितलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

‘‘ही तपासणी वेगळी आहे काकू. आजार बघायची.’’

‘‘अन् आजार निघाला तर?’’

मी पिशवीचा बंद सारखा केला.

‘‘बोल की. संक्रांतीला तर लई बोललीस. निघाला तर काढून टाकायचं, असंच ना?’’ त्या सोफ्याकडे वळल्या. सोहम तिथे उशीवर डोकं ठेवून चित्रं बघत होता. आत्यांनी आवाज खाली आणला. ‘‘याच्या टायमाला ही तपासणी असती तर यालाबी काढलं असतं का तुम्ही?’’

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘आत्या, दर महिन्याला त्याला सुई टोचताना धरायला तुम्ही येता का?’’

‘‘मला बघवत नाही गं.’’

‘‘मग?’’

‘‘तुमच्या दोघांच्या रक्तात खोट असती तर तुम्ही हिंडला-फिरला असता का? माझ्या भावाच्या घरात असलं काही नव्हतं. आमच्यात नव्हतं.’’

तेव्हा मला कळलं की त्या बाळाच्याच नाही, लग्नाच्याही बाजूनं बोलत होत्या. तपासणीत निघालेलं उत्तर त्यांना दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचं नव्हतं. विनायक मधल्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावत होता. तो बराच वेळ लावत होता. त्याची नोकरी सरकारी महामंडळात, कुठल्या राज्यात जाणार ते ठरलेलं नव्हतं, आणि घरातही त्यानं तेच धोरण ठेवलं होतं.

शेवटी सुवर्णा शांतपणे म्हणाली, ‘‘मी जाणार. कागद देवघरावर राहू दे. देव वाचेल.’’

आता तपासणी करायची कुठे? मोठ्या काचेच्या रुग्णालयात तिला परवडत नव्हती. धर्मादाय केंद्र एकच होतं, तिथले डॉक्टर भले आणि म्हातारे. त्यांनी मला ओळखलं. ‘‘तुम्ही ना, बिस्किटांच्या बरणीवाल्या?’’ मग हात जोडले. त्यांच्या केंद्राच्या नोंदणीची मुदत संपली होती, नूतनीकरणाचा अर्ज कपाटांच्या बोळात कुठेतरी होता. ‘‘सही येईपर्यंत मी सुईला हात लावणार नाही. उद्या तुम्हीच याल पंचनाम्याला.’’ ज्याला घाबरवायला नको होतं त्याला आम्ही इतकं चोख घाबरवलं होतं की स्वतःच्याच कामाचं कौतुक वाटावं.

कार्यालयात येऊन मी हे सगळं रागारागानं सांगितलं. रेहाना माझ्याशी दखनीत बोलते, मी ते इथे मराठीत लिहिते, चव जाते पण इलाज नाही. ती म्हणाली, ‘‘मला हे पटत नाही.’’

‘‘काय पटत नाही? बाईचा हक्क आहे.’’

‘‘बाईचा आहे. मी बाईबद्दल बोलत नाही. मी तुझ्या पत्रकाबद्दल बोलते. मुलगी म्हणून नको म्हणाली तर तू डफ घेऊन तिच्या दारात जातेस. माझ्यासारखी आहे म्हणून नको म्हणाली तर तू रिक्षा आणायला जातेस.’’

‘‘रेहाना, थॅलेसेमिया वेगळं.’’

‘‘हौ. सगळ्यांचं वेगळंच असतं. नाटकात मी लाल कापडातून ओरडते तेव्हा बायका रडतात. मग कापड काढते, माझे पाय दिसतात. त्याच बायका म्हणतात, अरेरे, बिचारीच्या आईनं कसं सोसलं असेल. त्यांना मुलगी हवी असते. मी नको असते.’’

मला वाद घालायला शिकवलेलं आहे. समोरचा असं म्हणाला तर आपण तसं म्हणायचं, अशा शिबिरांतून मी आले आहे. खाली मिरची उघडली होती, म्हणून मी शिंकले.

‘‘पण जायचं कधी?’’ रेहाना कुबड्या ओढत म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘त्या बोळात. पटत नाही म्हणून तिला एकटी सोडू का?’’

आम्ही बोळात गेलो. मी, रेहाना, सुवर्णा आणि आमच्या पथनाट्यात डफ वाजवणाऱ्या दोघी. डावीकडच्या साहेबांनी खुर्चीतूनच हसून विचारलं, ‘‘क्या मॅडम, आज किसका दवाखाना बंद कराते?’’

‘‘आज खोलने को आए,’’ मी म्हणाले. साहेब चपापले. आमच्यासाठी त्यांच्याकडे ठरलेली उत्तरं होती, ती सगळी बंद करण्याची होती.

शिपायानं शोध घेऊन सांगितलं, ‘‘फाइल उधर गई, मुहर इधर हैगी.’’

उजवीकडे गेलो. उजवीकडचे साहेब म्हणाले, फाइल आहे, पण विषय डावीकडचा. पेशंट कुठली? अंबरपेठ. नवरा? सरकारी महामंडळात. कुठल्या राज्याच्या? ठरायचंय. मग ठरू दे. मूळ गाव? नांदेड जिल्हा. साहेबांचा चेहरा उजळला. ‘‘मग तुम्ही महाराष्ट्रात का जात नाही?’’

सुवर्णा म्हणाली, ‘‘साहेब, माझं पोट यादीची वाट बघत नाही.’’

‘‘अम्मा, रूल म्हणजे रूल.’’

मी डफवाल्यांकडे बघितलं. आमच्या कामात एवढी एकच गोष्ट मला मनापासून येते. कपाटांच्या बरोबर बाजूला, जिथे दोन राज्यांमधे माणूस जाण्यापुरती फट होती, तिथे रेहाना बसली आणि लाल कापड अंगावर घेतलं. डफ वाजला. डावीकडचे डबे बंद झाले, उजवीकडचे बंद झाले. कापडातून तिचा तो आवाज आला, ‘‘साबऽ, मैं कौनसे स्टेट की हूं?’’

मी सूत्रधार. डावीकडे वळून म्हटलं, डोकं इकडे आहे, डोकं तुम्ही घ्या. उजवीकडे वळून म्हटलं, पाय तिकडे आहेत, पाय तुम्ही सांभाळा. कापड ओरडलं, ‘‘पांवां पहलेच टेढे हैं साब, और मत खींचो.’’ ही ओळ नाटकात नव्हती. बोळातली माणसं हसायला लागली, मग काही जण हसायचं थांबले. दोन्हीकडच्या लिपिकांनी मोबाइल वर धरले. डावीकडचे साहेब उठून आले, उजवीकडचे उठून आले, फटीपाशी एकमेकांना भिडले आणि विभाजन झाल्यापासून पहिल्यांदा, माझ्या समजुतीप्रमाणे, दोन राज्यांत थेट बोलणी झाली. फाइल फटीतून डावीकडे आली. शिक्का पडला. कोणत्या अधिकारात पडला हे मी विचारलं नाही, आणि कायद्याचा आग्रह धरणाऱ्या संघटनेची कार्यकर्ती म्हणून मला त्याची लाज वाटायला हवी. वाटत नाही.

तपासणी झाली. म्हाताऱ्या डॉक्टरांनीच सुई धरली. सुवर्णानं सही केली की बाळ मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही. उत्तराची वाट बघण्याच्या दिवसांत ती रोज कामावर गेली. आत्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं, जेवायला वाढणं सोडलं नव्हतं.

उत्तर आलं. बाळाला थॅलेसेमिया होता.

डॉक्टरांकडून निघून आम्ही तिघी अफझलगंजात आलो आणि ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो. सुवर्णानं माझ्याकडे बघितलंच नाही. ती रेहानाला म्हणाली, ‘‘तुम्ही सांगा.’’

रेहाना म्हणाली, ‘‘मी कोण सांगणार?’’

‘‘तुमच्या अम्मीला आधी कळलं असतं तर?’’

‘‘बरेच दिवस मी हेच विचारायचे तिला. एकदा म्हणाली, कळलं असतं तर रडले असते. पुढचं ती कधी बोलली नाही, मीही खोदलं नाही.’’ रेहानानं कुबडी आडवी ठेवली. ‘‘मी इथे आहे, मला बरं वाटतं इथे असायला. एवढंच मला ठाऊक आहे. तुझं तू बघ. मी बोलणं बंद करणार नाही तुझ्याशी, काहीही ठरवलंस तरी.’’

सुवर्णानं अहवालाची घडी घातली. मग म्हणाली, ‘‘सोहम नको होता असं कुणी म्हणू नये. मला सोहमच हवाय. त्याला टोचताना तो डोळे मिटतो आणि माझा अंगठा धरतो. जोरात. दुसऱ्यालाही तसं टोचायचं, हे माझ्यानं होणार नाही. मी नाही आणणार त्याला तिथे.’’

मी सवयीनं म्हणायला गेले की हा तुझा हक्क आहे. रेहानानं माझ्या पायावर कुबडी ठेवली. बरं झालं.

ज्या दिवशी सुवर्णा रुग्णालयात दाखल झाली त्या दिवशी सोहमच्या रक्ताचीही पाळी होती. विनायक सुवर्णाजवळ होता, निदान त्या दिवशी तरी त्याचं कुठे असायचं ते ठरलं होतं. मी रक्तपेढीकडे गेले, पोराला कोण घेऊन येणार या काळजीनं. बघते तर आत्या. इरकली नेसलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि सोहम त्यांच्या मांडीवर. परिचारिकेनं सुई काढली तसे आत्यांनी डोळे गच्च मिटले. सोहमही मिटत होता. त्यानं आजीचा अंगठा धरला होता. बाटली सुरू झाल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला म्हणाल्या, ‘‘झालं का गं?’’ मी म्हटलं, ‘‘सुरू झालंय काकू.’’ नंतर हळू आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘माझ्या धाकट्या लेकासाठी मी दुसऱ्या भावाची पोर बघून ठेवलीय. त्या दोघांचं रक्त आधी कुठं तपासतात?’’ मी पत्ता सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला.

आता आमच्या चळवळीबद्दल एक खरी गोष्ट सांगते, मग कुणाला राग आला तरी चालेल. आम्ही इतकी वर्षं ओरडतो आहोत की पोटात काय आहे हे विचारू नका. सुवर्णा घरी परतल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. तिच्या दुकानातल्या बायकांनी विचारलं. मंडळाच्या चिटणिसांनी विचारलं. कपाटांच्या बोळातला शिपाई मला रस्त्यात भेटला, त्यानंही विचारलं, ‘‘क्या था मॅडम?’’ आणि सरलाताईंनी, पत्रकातून तो शब्द पेन्सिलीनं काढणाऱ्या सरलाताईंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मुलगी नव्हती ना गं? नाहीतर आपल्याला अहवालात अवघड जाईल.’’

मी म्हटलं, ‘‘ताई, हे विचारणं गुन्हा आहे.’’

‘‘मी आपलं काळजीनं विचारलं.’’

काळजीनंच विचारतात सगळे. बिस्किटवाल्या डॉक्टरकडच्या सासवासुद्धा काळजीतच होत्या.

मी अजून धाडींना जाते, अजून नणंद होते. रेहाना अजून लाल कापड घेऊन बसते, फक्त आता नाटकाच्या शेवटी ती कापड स्वतः काढते, उभी राहते आणि बायकांकडे बघत राहते. बायका अस्वस्थ होतात. सरलाताईंना वाटतं शेवट पडतो. मला नाही वाटत.

काही दिवसांनी मी सुवर्णाला भेटायला अंबरपेठेला गेले होते. ती आत झोपली होती. शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. विरजण हे निमित्त होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. वाटी पुढे करता करता त्यांनी मान आत घातली आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, ‘‘काय होतं हो?’’

आत्यांनी चमच्यानं मोजकं दही वाटीत घातलं.

‘‘आमचं होतं,’’ त्या म्हणाल्या, आणि वाटी हातात देऊन दार लावून घेतलं.